रुबेचा सर्व्हर, लिव्हरपूलचा आरोपी, लक्झेंबर्गचा निकाल: एन्क्रोचॅट प्रकरण

बीक्यू या स्पॅनिश कंपनीचा अक्वारिस एक्स-२ हा दिसायला साधा अँड्रॉइड फोन. एन्क्रोचॅट ही गुन्हेगारी टोळ्यांमध्ये चालणारी गुप्त संदेशसेवा. तिचे चालक हा फोन घेत, त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवत आणि सुमारे १,००० युरोला विकत. वर सहा महिन्यांची वर्गणी १,५०० युरो, चोवीस तास मदतसेवेसह. फोन नेहमीसारखा सुरू केला की नेहमीचा अँड्रॉइड दिसे. एन्क्रोचॅट असे ते दुसऱ्या, लपवलेल्या भागात. कॅमेरा, माइक, जीपीएस आणि यूएसबी पोर्ट काढून टाकले आहेत, असे विक्रेते सांगत. (पुढे पुराव्यात फोटोंचा जो खच पडला तो पाहता कॅमेऱ्याबद्दलचा दावा फारसा मनावर घ्यायचे कारण नाही.) संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जात. ही मुदत मुळात सात दिवसांची, पण ग्राहकाला ती बदलता येई. शिवाय एक खास पिन होता. पोलिसांनी धरलेच तर तो टाकायचा, की सगळा फोन कोरा.

हा फोन दुकानात मिळत नसे. ओळखीतून, दलालामार्फत, रोखीने मिळे. एन्क्रोचॅटवरून फक्त एन्क्रोचॅटवाल्याशीच बोलता येई आणि ग्राहकाला खऱ्या नावाऐवजी टोपणनाव असे. २०२० मध्ये नोंदणीकृत ग्राहक ६६,१३४ होते. ते वापरत ते सर्व्हर मात्र उत्तर फ्रान्समधल्या रुबे शहरात होते.

पुढची सगळी गुंतागुंत या भूगोलातून निघते. कोकेन रॉटरडॅम किंवा अँटवर्पच्या बंदरात उतरते, नेदरलँड्समध्ये साठवले जाते, लिव्हरपूल किंवा बर्लिनमध्ये विकले जाते आणि पैसा तिसऱ्याच देशात मुरतो. टोळीला हद्द नसते, पोलिसाला असते. युरोपोल या युरोपियन संघाच्या पोलीस सहकार्य संस्थेकडे विश्लेषक आहेत, सर्व्हर आहेत, सुरक्षित निरोपयंत्रणा आहे, पण अटक करण्याचा अधिकार नाही. युरोजस्ट ही संघाचीच दुसरी संस्था सरकारी वकिलांना एका टेबलाशी बसवते, खटला चालवत नाही. प्रत्येक अटक, प्रत्येक झडती, प्रत्येक आरोपपत्र शेवटी कोणत्या तरी एका देशाच्याच कायद्याखाली होते. म्हणून एन्क्रोचॅट प्रकरणात फोन फोडणे हा निम्मा भाग. एका देशाने फोडलेल्या फोनमधला मजकूर दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशापुढे टिकवणे हा उरलेला निम्मा, आणि तोच जास्त जड गेला.

आधीचा धडा

फ्रेंच जोंदार्मेरीला, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिसांना, २०१७ पासून छाप्यांमध्ये हे फोन वारंवार सापडू लागले होते. तपास करता करता माग रुबेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला. न्यायालयाच्या परवानगीने सर्व्हरच्या प्रती घेतल्या गेल्या आणि यंत्रणा आतून कशी बांधली आहे ते कळले.

डच पोलिसांकडे वेगळा अनुभव होता. २०१६ मध्ये त्यांनी एनेटकॉम ही अशीच सेवा बंद पाडली होती. तिचे सर्व्हर टोरांटोत होते आणि तिथल्या न्यायालयाने अटी घालून मजकूर डचांच्या हवाली केला. सुमारे ३६ लाख संदेश हाती आले, पण सगळे जुने. खुनाची सुपारी वाचायला मिळाली तेव्हा खून होऊन गेलेला होता. शिवाय सेवा बंद झाल्यावर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वळले. त्यामुळे या वेळी सर्व्हर जप्त करायचा नाही, चालू ठेवून चालू संभाषण वाचायचे, असे ठरले. सर्व्हर फ्रान्सच्या जमिनीवर असल्याने परवानगी फ्रेंच न्यायाधीशाची लागणार होती. तांत्रिक काम मात्र फ्रेंच आणि डच तज्ज्ञांनी मिळून केले.

कागद आधी, फोन नंतर

३० जानेवारी २०२० रोजी रुबेजवळच्या लील शहरातल्या न्यायालयाने फोनमधून माहिती मिळवण्याचे तंत्र वापरायला परवानगी दिली. ९ मार्चला युरोजस्टने व्हिडिओ बैठक घेतली. तीत फ्रेंच आणि डच प्रतिनिधींनी जर्मनी, ब्रिटन आणि इतर देशांच्या अधिकाऱ्यांना काय करणार आहोत याची कल्पना दिली. २७ मार्चला युरोपोलच्या निरोपयंत्रणेवरून इच्छुक देशांना फ्रेंच आणि डचांचे पत्र गेले. माहिती कोणत्या पद्धतीने मिळवली जात आहे हे आपल्याला कळवले असल्याचे लेखी द्या, ही त्यातली पहिली मागणी. माहिती आधी फक्त पडताळणीसाठी मिळेल, चालू खटल्यात वापरायची असेल तर आमची संमती घ्या, ही दुसरी. त्याच दिवशी नेदरलँड्समध्ये तपास न्यायाधीशाने डचांच्या वापराला स्वतंत्र परवानगी दिली, पण अटी घालून. सरसकट सगळ्यांचे सगळे वाचायचे नाही, गंभीर गुन्ह्यांशी निगडित शोधशब्दांनी चाळायचे.

फ्रान्स आणि नेदरलँड्स यांचे संयुक्त तपास पथक एप्रिलमध्ये कागदावर आले. अशा पथकाचा फायदा साधा आहे. करारात सामील असलेल्या देशांपैकी एकाने गोळा केलेला पुरावा दुसऱ्याला थेट मिळतो. दर वेळी परकीय न्यायालयाला विनंतीपत्र पाठवून महिनोन्महिने वाट पाहावी लागत नाही. जो देश पथकाबाहेर आहे त्याला युरोपियन तपास आदेशाचा, म्हणजे दुसऱ्या देशाकडून पुरावा मागवणाऱ्या ठरावीक आदेशाचा, रस्ता. युरोपियन संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार असा आदेश आल्याची पोच आठवड्यात द्यायची, मान्यतेचा निर्णय ३० दिवसांत घ्यायचा आणि त्यानंतर ९० दिवसांत काम पुरे करायचे. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत, त्यांच्यासाठी जुन्याच पद्धती. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडला होता, पण संक्रमणकाळ डिसेंबरअखेरपर्यंत चालू होता, म्हणून त्याला हा आदेश वापरता आला. वर्षभराने हेच प्रकरण आले असते तर ब्रिटनला वेगळे दार ठोठवावे लागले असते.

याच निर्देशातले ३१ वे कलम या सगळ्या धावपळीत मागे राहिले. दुसऱ्या देशात बसलेल्या माणसाचे संभाषण त्या देशाच्या तांत्रिक मदतीशिवाय टिपायचे असेल, तर त्या देशाला ठरावीक नमुन्यात कळवायचे. आपल्याकडे अशी परवानगी मिळाली नसती असे त्या देशाला वाटले, तर ९६ तासांत तसे सांगून तो हरकत घेऊ शकतो. बैठकीत सांगितले होते, पत्रही गेले होते. पण बैठकीतले सांगणे आणि कलमातली सूचना या दोन गोष्टी एकच धरायच्या का, यावर पुढची चार वर्षे गेली.

१ एप्रिल ते १३ जून

रुबेच्या सर्व्हरवर ट्रोजन, म्हणजे फोनमधली माहिती चोरून पाठवणारा छुपा प्रोग्रॅम, चढवला गेला आणि नेहमीच्या अपडेटच्या मिषाने तो फोनांवर उतरला. १२२ देशांतल्या ३२,४७७ ग्राहकांपर्यंत तो पोहोचला. त्याचे काम दोन टप्प्यांचे होते. पहिल्या टप्प्यात फोनमध्ये आधीच साठलेले सगळे उचलायचे: आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, टोपणनाव, संपर्कयादी, टिपणे आणि अजून पुसले न गेलेले संदेश. त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक नवा संदेश टिपून पाठवायचा.

संदेश वाटेत अडवून त्याचे कुलूप तोडले गेले नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. वाटेतले कूटलेखन मजबूतच होते. पण माणसाला वाचता यावा म्हणून संदेश फोनमध्ये कधी तरी उलगडावाच लागतो. लिहिताना तो अजून बंद झालेला नसतो, वाचताना तो उघडलेला असतो. ट्रोजन तिथे बसला होता. दार कितीही भक्कम असो, घरात माणूस बसलेला असेल तर कुलपाचा उपयोग काय?

युरोपोलच्या सर्व्हरवर देशवार कप्पे केले गेले. ३ एप्रिलपासून २८ जूनपर्यंत जर्मनीची बीकेए ही संघीय गुन्हे यंत्रणा तिथून आपल्या देशातल्या फोनांची माहिती रोज उतरवून घेत होती. जर्मनीत असे सुमारे ४,६०० ग्राहक होते. ब्रिटनमध्ये सुमारे १०,०००.

चालू संभाषण वाचण्याची खरी अडचण लगेच समोर आली. उद्या अमक्याला उडवायचे आहे, असा संदेश वाचल्यावर गप्प बसता येत नाही. पण धावून गेले तर फोन फुटला आहे हे टोळीला कळते. मग गस्तीच्या गाडीने सहज थांबवल्यासारखे करून शस्त्र पकडायचे, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला कारण न सांगता सावध करायचे, माल पकडायचा पण तो नेमका कुठून कळला हे त्या दिवसाच्या कागदात येऊ द्यायचे नाही. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने अशा दोनशेहून जास्त जिवावरच्या धोक्यांवर उपाय केल्याचे सांगितले. नेदरलँड्समध्ये वाउसे प्लांतागे या गावात सात जहाजी कंटेनर सापडले. सहांमध्ये कोठड्या आणि सातव्यात दंतवैद्याच्या खुर्चीला पट्टे लावून केलेली छळाची खोली. संदेशांवरून बेत कळल्याने ती वापरात येण्याआधीच पोलीस तिथे पोहोचले. २२ जूनला सहा जण पकडले गेले.

मे महिन्यात काही ग्राहकांनी तक्रार केली की फोन कोरा करणारा पिन चालत नाही. कंपनीला आधी तो साधा दोष वाटला. १२ आणि १३ जूनच्या मध्यरात्री तिने सगळ्या ग्राहकांना निरोप धाडला: सरकारी यंत्रणेने आमचे डोमेन ताब्यात घेतले आहे, फोन ताबडतोब बंद करा आणि नष्ट करा. योगायोग असा की फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी २ जूनला पाठवलेल्या तपास आदेशाला लीलच्या न्यायालयाने मान्यता दिली तीही १३ जूनलाच. ज्या दिवशी झरा आटला त्या दिवशी जर्मनीला तोवरचे पाणी खटल्यात वापरण्याचा हक्क मिळाला.

टोपणनावामागचा माणूस

न्यायालयात उभा करायचा तो माणूस, टोपणनाव नव्हे. बचावपक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा फोन माझ्या अशिलाचा होता कशावरून? एकच पुरावा सहसा पुरत नाही, चार धागे एकत्र वळावे लागतात.

पहिला धागा मोबाइल टॉवरचा. एन्क्रो फोन ज्या टॉवरांवर दिसतो त्याच टॉवरांवर, त्याच वेळी, संशयिताचा स्वतःचा नेहमीचा फोनही दिसतो का? आठवडाभर दोन्ही फोन रात्री एकाच वस्तीत झोपत असतील तर बरेच काही सिद्ध होते. दुसरा धागा बोलण्यातल्या घरगुती तपशिलांचा. मुलीचा वाढदिवस, आईचे ऑपरेशन, नव्या घराचा पत्ता, पडलेला दात. फोन सुरक्षित आहे या भरवशावर लोक जे बोलले ते ऐकून त्यांचे वकील कपाळाला हात लावत असतील. तिसरा धागा फोटोंचा. लिव्हरपूलमधल्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने तळहातावर स्टिल्टन चीजचा तुकडा ठेवून फोटो पाठवला. मर्सीसाइड पोलिसांनी त्या फोटोतल्या हाताच्या ठशांवरून त्याला ओळखले. २०२१ मध्ये त्याला १३ वर्षे ६ महिन्यांची शिक्षा झाली. चौथा धागा इतरांच्या फोनमधून येतो. दुसऱ्या कोणी त्याला संपर्कयादीत कोणत्या नावाने जपून ठेवले आहे?

चुका बहुतेक इथेच होतात. एक फोन दोघांनी आलटून पालटून वापरलेला असतो. टोपणनाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले असते. समोरच्याच्या फोनवर ट्रोजन उतरलेलाच नसेल तर संवादाची एकच बाजू हाती असते, आणि अर्ध्या संवादातून संपूर्ण अर्थ काढायचा मोह होतो. वेळेच्या नोंदीचेही तसेच. लंडन आणि पॅरिसच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे. टॉवरची नोंद एका घड्याळाची आणि संदेशाची दुसऱ्या, असे झाले की नीट जुळणारी भेट जुळेनाशी होते, किंवा न झालेली भेट झालीशी वाटते. प्रत्येक तक्त्यावर वेळ कोणत्या देशाची हे लिहिणे कंटाळवाणे काम आहे, पण ते वगळले तर उलटतपासणीत दिवस वाया जातो.

वाटेतला की साठलेला?

ब्रिटनमध्ये वाद वेगळाच निघाला. तिथल्या २०१६ च्या कायद्यानुसार वाटेत अडवलेला संदेश खटल्यात पुरावा म्हणून मांडताच येत नाही. उपकरणात साठलेला संदेश योग्य वॉरंट असेल तर मांडता येतो. म्हणजे अनेक आरोपपत्रे एका तांत्रिक प्रश्नावर अडली: ट्रोजनने संदेश उचलला त्या क्षणी तो प्रवासात होता की फोनमध्ये विसावलेला होता? बचावपक्षाचे म्हणणे होते की पाठवण्याचे बटण दाबले की प्रवास सुरू, आणि फोनच्या मेमरीतली क्षणभराची अवस्था हा त्या प्रवासाचाच भाग. ५ फेब्रुवारी २०२१ ला अपील न्यायालयाने ठरवले की मजकूर फोनच्या मेमरीतून, उलगडलेल्या रूपात घेतला गेला, सबब तो साठलेला. मे २०२३ मध्ये तपास अधिकारांसाठीच्या विशेष न्यायाधिकरणानेही क्राइम एजन्सीचे वॉरंट वैध ठरवले.

आपल्या वाचकाला हा वाद विचित्र वाटेल. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोका कायद्यात सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने टिपलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या कलमांना मान्यता दिली. ब्रिटनने ती वाट मुद्दाम टाळली आहे, कारण संभाषण कसे टिपतो हे गुप्तचर यंत्रणांना न्यायालयात सांगायचे नाही. हे धोरण कोणत्या काळासाठी आखले होते आणि एन्क्रोचॅटच्या काळात त्याचा काय अर्थ उरतो, यावर तिथे बरेच मतभेद आहेत.

बर्लिनचा प्रश्न

जर्मन सर्वोच्च फौजदारी पीठाने २ मार्च २०२२ ला एन्क्रोचॅटचा पुरावा ग्राह्य ठरवला होता. तरीही बर्लिनच्या प्रांतीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाला प्रश्न पाठवले. ३० एप्रिल २०२४ ला उत्तर आले, आणि ते दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीने वाचता आले.

दुसऱ्या देशाकडे आधीच असलेला पुरावा मागवण्यासाठीचा आदेश सरकारी वकीलही काढू शकतो, दर वेळी न्यायाधीशच हवा असे नाही. अट एवढीच की देशांतर्गत प्रकरणात असा पुरावा मागवण्याचा अधिकार त्या वकिलाला असायला हवा. इथपर्यंत सरकारी बाजू खूश. पण फोनमध्ये शिरून संदेश, ठावठिकाणा आणि जोडणीची माहिती घेणे हे ३१ व्या कलमाखालचे संभाषण टिपणेच आहे, सबब ज्या देशात ग्राहक आहे त्याला सूचना द्यायलाच हवी होती. ती कोणत्या कार्यालयाला द्यायची हे ठाऊक नसेल तर योग्य वाटेल त्या कार्यालयाला द्यावी. हे कलम देशाच्या सार्वभौमत्वासाठी आहेच, पण त्या माणसाच्या हक्कांसाठीही आहे. शेवटचा मुद्दा बचावपक्षाच्या कामाचा: ज्या पुराव्यावर आरोपीला परिणामकारकपणे म्हणणे मांडता येत नाही आणि जो निकालावर निर्णायक परिणाम करू शकतो, तो बाजूला ठेवला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्याची गाठ फ्रान्समध्ये बसली आहे. ट्रोजन नेमका कसा चालत होता हे फ्रान्सने संरक्षण गुपित म्हणून झाकले. घटना परिषदेने ८ एप्रिल २०२२ ला हे झाकणे घटनेला धरून असल्याचे म्हटले. ११ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च अपील न्यायालयाने मात्र एका खटल्यात अडकाठी केली: पद्धत गुप्त ठेवा, पण हाती आलेला मजकूर खरा आणि अविकृत आहे असे तांत्रिक विभागप्रमुखाचे प्रमाणपत्र कायद्याने लागते, ते दाखल का नाही? आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक हीच. गुपित ठेवायचे ठरले त्याच दिवशी प्रमाणपत्राचा मसुदा तयार असायला हवा होता, कारण पद्धत तपासता येत नसेल तर न्यायाधीशाच्या हाती तेवढाच कागद उरतो.

नेदरलँड्सने सोपा मार्ग घेतला. १३ जून २०२३ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फ्रान्समध्ये फ्रेंच न्यायाधीशाच्या परवानगीने झालेले काम फ्रेंच कायद्याला धरून होते का, हे डच न्यायाधीशाने तपासायचे नाही. देशांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा. खटला एकूण न्याय्य झाला का एवढे पाहायचे. आणि फ्रान्समध्ये दाद मागायची तर कशी? दोन ब्रिटिश अर्जदार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २४ सप्टेंबर २०२४ ला त्यांचे अर्ज फेटाळले गेले, कारण फ्रेंच न्यायालयात उपलब्ध असलेला उपाय त्यांनी आधी वापरलाच नव्हता. इंग्लंडमध्ये खटला चालणाऱ्या माणसाने फ्रान्समध्ये फ्रेंच वकील लावून पुराव्याला आव्हान द्यायचे. कागदावर दार उघडे आहे, पण ते ओलांडायला पैसा आणि वेळ लागतो.

हिशेब आणि पुढचे फोन

ब्रिटनने २ जुलै २०२० ला जाहीर केले ते ७४६ अटका, ५.४ कोटी पौंड रोख, ७७ बंदुका आणि दोन टनांहून जास्त अमली पदार्थ. नेदरलँड्समध्ये कृत्रिम अमली पदार्थांच्या १९ प्रयोगशाळा मोडल्या गेल्या आणि जवळपास २ कोटी युरो रोख मिळाली. जून २०२३ पर्यंत जगभरचा आकडा ६,५५८ अटकांवर गेला. एकूण शिक्षा ७,१३४ वर्षांची, रोकड ७३.९७ कोटी युरो, गोठवलेली मालमत्ता १५.४१ कोटी युरो, कोकेन १०३.५ टन. वाचलेली संभाषणे ११.५ कोटी.

१३ जूनच्या निरोपानंतर ग्राहकांनी फोन फेकले आणि बरेच जण स्काय ईसीसी या अशाच दुसऱ्या सेवेकडे गेले. तिच्यावर बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स आधीपासूनच काम करत होते. ९ मार्च २०२१ ला तिथेही छापे पडले. त्याच वर्षी जूनमध्ये अॅनॉम या आणखी एका सेवेचे गुपित फुटले. ती सेवा तर अमेरिकेच्या एफबीआयनेच गुपचूप चालवली होती, १२,००० फोन आणि २.७ कोटी संदेश. ३ डिसेंबर २०२४ ला मॅट्रिक्स ही सेवा बंद पाडली गेली. ती सापडली एका डच पत्रकाराच्या २०२१ मधल्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या माणसाच्या फोनवर. तिचे मुख्य सर्व्हर फ्रान्स आणि जर्मनीत होते, पथक पुन्हा फ्रान्स आणि नेदरलँड्सचे. तीन महिन्यांत २३ लाख संदेश टिपले गेले, ३३ भाषांमधले.